कोयतीचा कौल

सुमुखला एका आठवड्यात एकवीस तारे मिळाले, तेव्हा कुठे घरात संशय आला.

तारे गजाननाच्या तक्त्यावरचे. बंगळूरची नोकरी सोडून तो बायकोमुलासह केरेकोप्पच्या घरी परत आला, त्याच महिन्यात ओटीच्या भिंतीवर हा तक्ता लागला. डावीकडे मुलांची नावं, वरच्या ओळीत कामं. काम झालं की चौकोनात मुलानं स्वतः तारीख टाकून खूण करायची आणि संध्याकाळी गजाननानं तिथे सोनेरी तारा चिकटवायचा. जबाबदारी अशानं अंगात मुरते, असं त्याचं म्हणणं. घरात मुलं दोनच होती. त्याचा स्वतःचा नऊ वर्षांचा सुमुख आणि थोरल्या सुब्रायची तेरा वर्षांची मेदिनी. सुमुखकडे बागेत गळून पडलेली सुपारी रोज सकाळी वेचायचं काम होतं, टोपलीला एक तारा. पावसाळ्यात दोन दिवसांत एखादी टोपली भरली तर भरली. आषाढाच्या शेवटच्या आठवड्यात तो रोज तीन भरून आणू लागला आणि स्वतःवर फार खूश होता.

नातवाचं कौतुक करायला म्हणून अज्जांनी, म्हणजे महाबळ हेगड्यांनी, टोपलीत हात घातला. एक हिरवी कोवळी सुपारी उचलली, तिच्यावरचा करडा डाग नखानं खरवडला, वास घेतला आणि ती परत टोपलीत टाकली.

"तारे थांबवा," ते म्हणाले.

रोग असता तर सुपारी सडली असती, तिला घाण मारली असती. ही सुपारी कोरडी होती आणि भाजली होती. शिवाय गळ फक्त वरच्या तुकड्यातल्या नव्वद झाडांखाली होती. म्हणजे औषध चुकलं होतं, आणि एकाच दिवशी चुकलं होतं.

औषध म्हणजे सुपारी सडू नये म्हणून तिच्यावर फवारतात ते, मोरचूद आणि चुना. दोन्ही वेगवेगळ्या पाण्यात कालवून एका पिंपात एकत्र करायचे. चुना कमी पडला तर जे औषध सुपारीला वाचवतं तेच तिला जाळतं. ते कळायचा आमच्या भागातला उपाय सोपा आहे. घासून लखलखीत केलेली लोखंडी कोयती पिंपात बुडवायची, साठ मोजायचे आणि बाहेर काढायची. पातं होतं तसं राहिलं तर औषध जमलं. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी. हे सगळेच बागायतदार करतात. केरेकोप्पच्या हेगड्यांनी त्यात आपली एक भर घातली होती. त्यांच्याकडे कोयती असायची घरातल्या बारा वर्षांच्या मुलाच्या हातात, आणि पुढचं मूल बाराचं होईपर्यंत ती त्याच्याकडेच राहायची. मूल "चढा" म्हणाल्याशिवाय फवारायला चढणारा गौडा झाडाला हात लावत नसे. "लाल" म्हणालं तर घरच्या कर्त्यानं निमूट चुना आणायचा. ज्या मुलाला एरवी आज भाजी कुठली करायची हेही कोणी विचारत नाही, त्याच्या या एका शब्दावर वर्षाचं पीक टांगलेलं असे. ही पद्धत अज्जांच्या आज्यानं घातली म्हणतात. का घातली ते त्यानं सांगितलं नाही, आणि विचारायची छाती कोणाची झाली नाही.

कोयती मुलाकडून काढून घेतल्याचा प्रसंग घराण्यात एकदाच आला होता. चाळीस वर्षांपूर्वी खालची अर्धी बाग जळाली, तेव्हा बारा वर्षांच्या सुब्रायकडून ती काढून चुलतभावाच्या हातात दिली. गजानन तेव्हा पाच वर्षांचा होता. "अण्णासारखा वेंधळेपणा करू नकोस" हे ऐकत तो मोठा झाला. तक्त्याचं मूळ बहुधा तिथेच असावं.

आता ती पाळी मेदिनीवर आली होती. अज्जांनी रविवारी दुपारी चार वाजता सगळ्यांना ओटीवर बोलावलं.

*

पाऊस पन्हळीतून पडत होता आणि आत गजाननाची बायको चेतना चुलीच्या निखाऱ्यांवर फणसाचे पापड भाजत होती. गंभीर बैठकीला पापड बरे दिसत नाहीत असं गजाननाला वाटलं, पण अज्जांनी पहिला पापड मोडल्यावर त्यानं तो विचार सोडून दिला. अज्जा खुर्चीत होते. सुब्राय पायरीवर, पावसाकडे तोंड करून. मेदिनी खांबाला टेकून उभी. सुमुख टोपली पायांत धरून बसला होता, कारण थांबवलेल्या ताऱ्यांचा निकालही आज लागेल अशी त्याची समजूत होती. ओटीच्या कडेला बीरा गौडा कषायाचा, म्हणजे धने-जिऱ्याच्या काढ्याचा, पेला दोन्ही हातांत धरून बसला होता. त्या दिवशी वरच्या तुकड्यात झाडांवर तोच चढला होता.

गजानन तक्त्याजवळ उभा राहिला. हातात फूटपट्टी होती. तिचं काही काम नव्हतं.

"बारा तारखेला फवारणी झाली. अप्पय्या, तुम्ही गुडघा धरून घरात होता, मी सिद्दापुरला गेलो होतो. बागेत अण्णा, मेदिनी आणि बीरा. बरोबर?"

"तू कोर्टात आहेस का?" अज्जांनी विचारलं.

"मी क्रमानं जातोय, अप्पय्या."

"जा."

"कोयतीच्या रकान्यात बारा तारखेची खूण आहे. मेदिनीच्या हातची. मेदिनी, कोयती बुडवली होतीस?"

"बुडवली होती, चिक्कप्पा."

"साठ मोजले?"

"मोजले."

"मग काय आलं?"

मेदिनी खांबापासून सुटून सरळ उभी राहिली.

"तू सांगितलंस की नाही, काय आलं ते?"

"तक्त्यात ते विचारलेलं नाही," मेदिनी म्हणाली.

गजाननानं तक्त्याकडे पाहिलं. खरोखरच विचारलेलं नव्हतं. रकान्याचं नाव 'कोयती' एवढंच होतं. वर्षभर त्यानं बुडवल्याबद्दल तारे दिले होते.

"बुडवली म्हणजे पाहिली असणारच ना!" त्याचा आवाज थोडा चढला. "लाल आली असती तर तू 'लाल' म्हणाली असतीस आणि अण्णानं चुना घातला असता. 'चढा' म्हणालीस म्हणून बीरा चढला. म्हणजे तू नीट पाहिलं नाहीस. यात तिसरी शक्यता आहे का?"

तिसरी शक्यता पायरीवर पाठमोरी बसून पाऊस बघत होती. हे त्या ओटीवर तिघांना ठाऊक होतं, आणि चौथी दारात पापडांची परडी घेऊन उभी होती.

*

सुब्रायच्या बायकोला, नागवेणीला, कोणी काही सांगितलं नव्हतं. तिला कोयतीनं सांगितलं.

फवारणीच्या दुसऱ्या दिवशी केळीचं पान कापायला म्हणून ती न्हाणीघराच्या भिंतीजवळ गेली, तर खिळ्यावर मुलीची कोयती टांगलेली होती आणि पात्यावर तांब्याचा थर तसाच होता. मेदिनी कोयती राखेनं घासल्याशिवाय जेवायला बसत नसे. गेल्या वर्षी तापानं फणफणली होती तेव्हाही घासून मगच अंथरुणात शिरली होती. नागवेणीनं तिला हाक मारली.

"घासली नाहीस?"

"नाही."

"का गं?"

"राहू दे तशीच, आई."

एवढंच बोलणं झालं. नागवेणी पंधरा वर्षं या घरात होती आणि नवऱ्याला ओळखून होती. सुब्राय खोटं बोलत नसे. तो फक्त बोलत नसे, आणि खोट्याचं बरंचसं काम त्यात होऊन जाई. त्या दिवसापासून तिनं त्याच्या ताटात मीठ वाढायचं बंद केलं. त्याच्यापुरती ताकातली तंबुळी वेगळी काढायची, बिनमिठाची. पहिल्या दिवशी त्यानं घास घेतला, थांबला, तिच्याकडे पाहिलं आणि गिळला. मीठ मागितलं नाही. त्यावरून तिला कळलं की तिला कळल्याचं त्याला कळलं आहे. पंधरा दिवस तो अळणी जेवत होता आणि अंगणातला रस्ता बदलून जात होता, म्हणजे न्हाणीघराची भिंत दिसायला नको.

ती स्वतः बोलू शकली असती. पण मग ते तिनं सांगितलं असं झालं असतं. मुलीनं पंधरा दिवस तोंड मिटून जे राखून ठेवलं होतं, ते आईनं भडाभडा सांगून टाकायचं नव्हतं. शिवाय तिला राग आला होता, आणि एका वाक्यात संपवायचा तो राग नव्हता.

तिनं परडी अज्जांपुढे ठेवली आणि कोणी न विचारता म्हणाली, "गौडांना विचारा की. ते होते तिथे."

सगळे बीरा गौडाकडे वळले. त्यानं पेला खाली ठेवला, परत उचलला.

"मी शेंड्याला असतो, हेगडेरे. खालचं मला काय ऐकू येतंय?"

"चढायच्या आधी खालीच होतास ना?" अज्जा म्हणाले.

"आधी होतो."

"मग 'चढा' ऐकूनच चढलास?"

"ऐकल्याशिवाय कोण चढतंय? सत्तर फूट आहे." त्यानं कषायाचा घोट घेतला. "'चढ' ऐकलं. चढलो."

'चढा' आणि 'चढ' यांतला फरक फक्त अज्जांच्या कानाला लागला. त्या घरातलं कुठलंही मूल बीरा गौडाला एकेरी हाक मारत नव्हतं. अज्जांनी पापडाचा तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

*

"माझं म्हणणं शिक्षेचं नाही," गजानन म्हणाला. "शिक्षेनं मुलं शिकत नाहीत. पण केलेल्याचं फळ दिसलं पाहिजे. एक वर्ष कोयती मेदिनीकडे नसावी. नंतर परत मिळेल."

"तोवर कोणाकडे?" आतून चेतनानं विचारलं.

"सुमुख दहाचा होईल."

चेतना चिमटा हातात घेऊनच दारात आली. "आपला सुमुख? काल एक मोजा निळा आणि एक हिरवा घालून शाळेत गेला. त्याला तुम्ही रंग बघायला बसवणार?"

"त्याला जबाबदारी दिली की..."

"मला नको कोयती," सुमुख म्हणाला. "मला टोपल्याच बऱ्या."

"चेतना, आपण हे आत बोलू."

"आत धूर आहे. इथेच बोला. मी सांगते, मेदिनी न बघता 'चढा' म्हणणारी मुलगी नाही. माझ्या पिशवीतली वाटाण्याची शेंगसुद्धा ती दोनदा बघून सोलते."

"मग काय झालं असेल ते तूच सांग!"

"मला काय माहीत? मी बागेत नव्हते. जे होते ते सांगतील." चेतनानं नागवेणीकडे पाहिलं. नागवेणीनं पापडांकडे पाहिलं. गेले वर्षभर या दोघींचं मीठ कुठे ठेवायचं यावरूनही एकमत झालेलं नव्हतं, पण आत्ता चेतना निखारे तसेच सोडून येऊन जावेच्या शेजारी उभी राहिली.

अज्जांनी हात झटकले.

"मेदिनी, इकडे ये कूसू."

ती आली.

"कोयती राहावी असं वाटतं ना तुला?"

"हो."

"मग मला सांग. त्या दिवशी चूक कोणाची झाली? मी एकदाच विचारतो."

मेदिनीनं अज्जांकडे पाहिलं, मग पायरीवरच्या पाठीकडे. आणि तिनं मनात मोजायला सुरुवात केली.

कोयती बुडवल्यावर हात हलवायचा नसतो. मोजून होण्याआधी बाहेर काढली तर थर चढलेला नसतो आणि वाईट औषधही चांगलं दिसतं. हे तिला पायरीवरच्या अप्पांनीच शिकवलं होतं, तिच्या बाराव्या वाढदिवशी, पिंपापाशी उकिडवं बसून. "घाई करायची नाही. मी जरी म्हटलं लवकर बघ, तरी नाही," असं म्हणाले होते. तेव्हा ते हसत होते. पाच, सहा, सात. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्हीत आकडा चुकू नये याची ती काळजी घेत होती.

*

पायरीवर सुब्राय पन्हळीच्या धारेकडे बघत होता.

त्या दिवशी पश्चिमेला ढग भरत होता. बीरा गौडा नऊ दिवसांच्या खेपांनंतर हाती लागला होता, आणि दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या बागेत जायचा होता. चुन्याच्या पोत्याला ओल लागून त्यातला निम्मा मेलेला होता. मुलगी "लाल" म्हणाली. तिनं पातं त्याच्यापुढे धरलं. त्यानं पाहिलं. लाल होतं. नवा चुना आणायला सिद्दापुरला जायचं, म्हणजे दोन तास. तो म्हणाला, "एवढ्या लालीनं काही होत नाही. चढ रे बीरा." गौडानं आधी मुलीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि चढला. मुलगी कोयती तशीच हातात धरून उभी राहिली. ती भांडली असती तर त्यानं तिला गप्प केलं असतं आणि मग निदान भांडण झालं होतं असं तरी म्हणता आलं असतं. त्याला स्वतःची गोष्ट आठवली, पण तोवर पंप सुरू झाला होता.

त्याच संध्याकाळी सांगितलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. दुसऱ्या दिवशी दोन वाक्यं लागली असती. आठवड्यानं सुपारी गळायला लागली तेव्हा ते सांगण्यासारखं राहिलंच नव्हतं, ते कबूल करण्यासारखं झालं होतं. त्याला लाज वाटत होती. बावन्न वर्षांच्या माणसाला आपल्या म्हाताऱ्या बापाची भीती वाटते, याचीही वेगळी लाज वाटत होती.

पण आज भीती बापाची नव्हती. मागे ती उभी होती आणि तिच्या हातातून कोयती जाणार होती. कशी जाते ते त्याला ठाऊक होतं. खिळा रिकामा दिसतो. चुलतभाऊ ती नीट घासत नाही. मग पुढे कितीही बाग राखली तरी घरात वेंधळा म्हणूनच हाक पडते.

तो उठला आणि वळला.

"ती 'लाल' म्हणाली होती," सुब्राय म्हणाला. "'चढ' मी म्हटलं."

एकशे बारा झाले होते. मेदिनीनं मोजणं थांबवलं.

गजाननाची फूटपट्टी खाली आली. "पण अण्णा, तू... मग खूण..."

"खूण खरी आहे. तिनं बुडवली. मीच ऐकलं नाही."

"आणि पंधरा दिवस..."

"गप्प बसलो. होय."

नागवेणी आत गेली. ती रडायला गेली असं चेतनाला वाटलं, पण ती न्हाणीघराकडून कोयती घेऊन आली आणि अज्जांच्या पुढ्यात, पापडांच्या परडीशेजारी ठेवली. पातं अजून तांबूस होतं. अज्जांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"सांगायला इतके दिवस का लागले?" त्यांनी विचारलं.

सुब्राय म्हणाला, "मला वाटलं, असंच करायचं असतं."

"म्हणजे?"

"तुम्ही केलं होतं तसं."

बाहेर पाऊस थोडा कमी झाला होता. सुमुख टोपलीतली सुपारी एकीवर एक रचत होता, तो थांबला. बीरा गौडा जायला उठला आणि हे जाणं वाईट दिसेल म्हणून परत बसला.

"मी लाल म्हटलं होतं, अप्पय्या. तुम्ही म्हणालात, 'पोराला ऊन लागलंय, रंग दिसत नाही. चढ.' खालची बाग जळाली तेव्हा तुम्ही इथेच उभं करून विचारलंत, 'कोयती कोणी बुडवली?' मी म्हटलं, 'मी.' तेवढंच विचारलं होतंत."

गजानन भावाकडे बघत राहिला. पाच वर्षांचा असल्यापासून जो वेंधळा अण्णा त्याला दाखवला होता, तो माणूस या ओटीवर कधी नव्हताच. त्यानं फूटपट्टी तक्त्याच्या खिळ्याला अडकवली.

अज्जांनी बराच वेळ पानाचा डबा शोधला. डबा मांडीवरच होता.

"मला आठवतं," ते म्हणाले.

"मला वाटलं होतं, तुम्ही विसरलात."

"नाही."

"मग चाळीस वर्षं..."

"तू कधी काही म्हणाला नाहीस. मला वाटलं, तू विसरलास." त्यांनी डबा उघडला, बंद केला. "नाही. तसं वाटलं नव्हतं. तू विसरावंस असं वाटत होतं. चूक माझी होती, सुब्राय. कोयती तुझ्याकडून घ्यायला नको होती. तुझ्या आईनं मला तेव्हाच सांगितलं होतं."

"आईला ठाऊक होतं?"

"महिनाभर मीठ नव्हतं माझ्या जेवणात."

नागवेणीनं सासऱ्याकडे पाहिलं. सासूशी तिचं कधी पटलं नव्हतं, आणि आता तिला जाऊन चार वर्षं झाली होती. ती आज असती तर नागवेणीनं तिच्याजवळ जाऊन बसण्याची पहिलीच वेळ आली असती.

*

निकाल अज्जांनी दिला, आणि तो छोटा होता. कोयती मेदिनीकडे राहील. गळलेली सुपारी हंगाम संपेपर्यंत सुब्रायनं वेचायची, रोज सकाळी, गाईंच्या धारेआधी.

"आणि मी?" सुमुखनं विचारलं.

"तू त्याला शिकव. कशी वेचायची ते."

"आणि तारे?"

"तेही त्याला."

"आणि तुम्ही, अज्जा?" हे मेदिनीनं विचारलं. अज्जांना असं कोणी विचारत नसे.

अज्जांनी विचार केला. "मी टोपली धरीन," ते म्हणाले. "मी जाळलेली बाग मोठी होती."

दुसऱ्या दिवसापासून केरेकोप्पच्या रस्त्यानं जाणाऱ्यांना सकाळी सहाला एक वेगळंच दृश्य दिसू लागलं. वरच्या तुकड्यात एक एकोणऐंशी वर्षांचा म्हातारा स्टुलावर बसून टोपली धरत असे, बावन्न वर्षांचा मुलगा वाकून सुपारी वेचत असे, आणि नऊ वर्षांचा नातू दोघांच्या मधून हिंडत "त्या बुंध्यामागे राहिली, दोड्डप्पा" असं थोरल्या काकाला सांगत असे. सुमुख कडक होता. माती लागलेली सुपारी तो परत धुवायला लावी. गजाननानं तक्त्याला खाली दोन ओळी जोडल्या, आणि चार दिवसांनी कोणी न सांगता तिसरी जोडून तिच्यात स्वतःचं नाव घातलं. त्या ओळीत काम कुठलं लिहावं हे त्याला सुचेना, तेव्हा चेतनानं 'चूल सारवणे' असं लिहून दिलं. सुब्रायच्या ताटात मीठ आलं. पहिल्या दिवशी जरा जास्तच आलं. तो जेवला.

त्या वर्षी पाऊस लांबला आणि भाद्रपदात तिसरी फवारणी करायची वेळ आली.

बीरा गौडा या वेळी सहा दिवसांनी मिळाला. सकाळ कोरडी होती. नवा चुना आणला होता. अज्जांना खुर्चीसकट बागेत उतरवलं. सुब्रायनं मोरचूद आणि चुना कालवला, पिंपात ढवळला आणि बाजूला झाला. मेदिनीनं घासलेली कोयती बुडवली. साठ झाल्यावर बाहेर काढली.

"लाल," ती म्हणाली.

सुब्राय चुना कालवायला वळला. पश्चिमेकडून ढग वर येत होता. बीरा गौडानं पायांत दोरीचा फास घातला होता, तो काढून परत घातला. गजानन घड्याळाकडे बघत होता आणि आपण घड्याळाकडे बघतोय हे मेदिनीला दिसू नये म्हणून हात मागे घेत होता.

दुसऱ्यांदा कोयती बुडाली. साठ.

"लाल. थोडी."

अज्जांनी तोंड उघडलं. चाळीस वर्षांची नव्हे, जन्माची सवय होती ती. सुब्राय त्यांच्याकडे बघत होता. अज्जांनी, तोंड उघडलंच आहे तर म्हणून, पान आत सारलं आणि तोंड मिटलं.

सुब्रायनं आणखी चुना घातला. ढवळून ढवळून त्याचे खांदे भरून आले. तिसऱ्यांदा कोयती बुडाली तेव्हा वारा पडला होता. तिसापाशी पहिला थेंब पिंपात पडला. चाळीसला सुपारीच्या झावळ्या वाजायला लागल्या. पन्नासला सगळे भिजत होते. सुमुख टोपली डोक्यावर घेऊन उभा राहिला. कोणी हललं नाही. मेदिनीचा हात पिंपात होता, कोपरापासून पाणी गळत होतं आणि ओठ आकड्यांवर हलत होते.

साठ झाले. तिनं पातं वर धरलं. पावसात ते स्वच्छ, पांढरं चमकत होतं.

"जमलं," ती म्हणाली. मग तिनं वर पाहिलं. "पण आज नाही. उद्या परत."

पिंपभर औषध फुकट गेलं होतं, कारण ते दुसऱ्या दिवशी चालत नाही. बीरा गौडाचा दिवस गेला होता आणि उद्या तो यायला कबूल होईल याची खात्री नव्हती. सुब्रायनं त्याच्याकडे पाहिलं.

"येतो उद्या," गौडा म्हणाला. "तंगीनं, धाकट्या बहिणीनं, बोलावलंय म्हटल्यावर येतो."

सुब्राय लेकीजवळ गेला आणि कोयतीसाठी हात पुढे केला. "दे. मी घासून ठेवतो."

मेदिनीनं कोयती मागे घेतली. "ते माझं काम आहे, अप्पा."

"मग मी काय करू?"

तिनं इकडेतिकडे पाहिलं. "पिंप रिकामं करा. ओढ्यात नाही, खड्ड्यात."

"बरं," सुब्राय म्हणाला, आणि पावसात पिंप कलतं करून खड्ड्याकडे ढकलत नेलं. दुसऱ्या बाजूनं गजाननानं हात लावला.